नवा पॉड आणि त्याच्या पहिल्या दिवशीच्या परवानग्या

घरच्या आणि नात्यातल्या लोकांसाठी मी एक सॉलिड सर्व्हर चालवतो, म्हणजे प्रत्येकाला आपला डेटा ठेवायला वेबवर स्वतःची जागा देणारा सर्व्हर, त्या जागेला पॉड म्हणतात. आईबाबा, आत्या, मामेभाऊ, वहिनी, बाहेर असणारी एक चुलत बहीण, असे सगळे त्यावर आहेत. कुणाला नवीन पॉड काढून द्यायचा म्हणजे वरवर काही कामच नाही, खातं उघडायचं, नाव टाकायचं, बटण दाबायचं, झालं. पण त्या एका बटणामागे सर्व्हर काय काय करतो ते मी जसजसं नीट वाचत गेलो तसतसं माझं एक मत पक्कं होत गेलं. पॉड तयार होताना त्यात ज्या परवानग्या पडतात ना, त्याच बहुतेक माणसांच्या कायमच्या परवानग्या ठरतात. आत्या काही कधी शेअरिंगचं सेटिंग उघडून बघणार नाहीये, बाबा पण नाही, आणि खरं सांगायचं तर माझे सॉफ्टवेअरमधले मित्रसुद्धा नाही बघत. मग डेटाचे मालक ते असले तरी कुणाला काय दिसणार हे ठरवलेलं असतं टेम्प्लेट, म्हणजे नव्या पॉडचा तयार साचा, लिहिणाऱ्याने. त्यामुळे ते टेम्प्लेट लिहिणाऱ्याने फार विचार करून लिहायला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि तेच इथे सविस्तर मांडतोय.

सॉलिड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. वेब ज्यांनी बनवलं ते टिम बर्नर्स-ली, त्यांनी एमआयटीत असताना हा प्रकल्प सुरू केला, २०१८ मध्ये त्यावर इनरप्ट नावाची कंपनी काढली, आणि २०२४ पासून सॉलिडची देखरेख लंडनच्या ओपन डेटा इन्स्टिट्यूटकडे आहे. कल्पना साधी आहे: ॲप वेगळं आणि डेटा वेगळा. तुमचा डेटा तुमच्या पॉडमध्ये, म्हणजे वेबवरच्या तुमच्या स्वतःच्या जागेत, आणि ॲप्सनी तुमच्याकडे येऊन परवानगी मागायची. तुमची ओळख म्हणजे वेबआयडी, तो एक वेब पत्ताच असतो. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या सरकारने हे बरंच मनावर घेतलंय, तिथे आथुमी नावाची सरकारी कंपनीच २०२३ मध्ये उभी केलीय, आणि मी जो वापरतो तो कम्युनिटी सॉलिड सर्व्हर पण गेंट विद्यापीठातल्या लोकांनी इनरप्टबरोबर मिळून बनवलेला, फुकट आणि ओपन सोर्स.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते बघू. सर्व्हर आधी पॉडचा पत्ता ठरवतो, मग टेम्प्लेटचं एक फोल्डर असतं ते उचलून जसंच्या तसं तिथे उतरवतो. त्या फाइलींमध्ये हँडलबार्स नावाच्या टेम्प्लेटच्या भाषेतल्या महिरपी कंसात वेबआयडीची जागा मोकळी सोडलेली असते, तिथे त्या माणसाचा वेबआयडी भरला जातो. बस. टेम्प्लेटमध्ये प्रोफाइलचं कार्ड असतं, म्हणजे वेबआयडीच्या पत्त्यावर उघडणारी फाइल, एक रीडमी असते, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मुळाशी, पॉडच्या सगळ्यात वरच्या फोल्डरला लागलेली एसीएल फाइल, जिच्यात परवानग्या लिहिलेल्या असतात. या फाइलकडे कुणाचं लक्षच जात नाही कारण नाव टिंबापासून सुरू होतं आणि फोल्डर उघडलं तरी ती दिसत नाही.

परवानग्यांची जी जुनी आणि जास्त चालणारी पद्धत आहे तिला वॅक म्हणतात, वेब ॲक्सेस कंट्रोल. एसीएलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या: कोण, कशावर, आणि काय करू शकतो. काय करू शकतो यात चार प्रकार, वाचणं, लिहिणं, फक्त भर घालणं म्हणजे अपेंड, आणि कंट्रोल. कंट्रोल म्हणजे एसीएलच बदलायची मुभा, म्हणजे ज्याच्याकडे कंट्रोल आहे त्याच्याकडे सगळंच आहे असं समजा. कशावर यात मात्र एक बारीक मेख आहे. एक ॲक्सेस-टू असतं आणि एक डिफॉल्ट असतं. ॲक्सेस-टू म्हणजे हे फोल्डर स्वतः, आणि डिफॉल्ट म्हणजे याच्या आत पुढे जे काही येईल ते, आज नसलेलं पण. ज्या फाइलला स्वतःची एसीएल नाही तिच्यासाठी सर्व्हर एकेक पायरी वर चढत जातो, पहिली एसीएल जिथे सापडेल तिथे थांबतो आणि तिच्यातल्या फक्त डिफॉल्टवाल्या ओळी लावतो. म्हणजे मालकाच्या नावापुढे डिफॉल्टची ओळ लिहायची राहिली तर मालकाला स्वतःचं फोल्डर दिसतं पण आतली एकही फाइल उघडत नाही.

कम्युनिटी सॉलिड सर्व्हरबरोबर जे टेम्प्लेट येतं त्याच्या मूळ एसीएलमध्ये दोन परवानग्या आहेत. दुसरी मालकाची, तिच्यात ॲक्सेस-टू पण आहे, डिफॉल्ट पण आहे, आणि वाचणं लिहिणं कंट्रोल तिन्ही आहे, ती बरोबरच आहे. पहिली जी आहे ती सगळ्या जगासाठी आहे. फक्त ॲक्सेस-टू, फक्त वाचणं, डिफॉल्ट नाही. वाचताना वाटतं की ठीक आहे, आतल्या फाइली तर बंदच आहेत ना.

आता टर्मिनल उघडा, लॉगिन बिगिन काही न करता नुसत्या कर्ल नावाच्या कमांडने त्या पॉडच्या मूळ पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवा आणि टर्टल या डेटा मजकुरात लिहायच्या पद्धतीत उत्तर मागा. जे उत्तर येतं त्यात 'कंटेन्स' म्हणून त्या फोल्डरमधल्या प्रत्येक गोष्टीचा पत्ता असतो, म्हणजे नावासकट, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख वेळ पण असते. आता समजा कुणी आपल्या पॉडमध्ये फोल्डर केलीत बँक, आयटीआर, डायलिसिस, वाटणीपत्र. यातली एकही फाइल बाहेरच्याला उघडता येणार नाही हे खरं, पण उघडायची गरजच कुठे राहिली? या माणसाचं डायलिसिस चालू आहे आणि फोल्डरमध्ये परवाच काहीतरी बदललंय, घरात वाटणीचं काहीतरी चाललंय, हे कुणालाही कळलं, ओळख न दाखवता कळलं. नाव देवनागरीत ठेवलं तरी पत्त्यात ते टक्क्याच्या खुणा होऊन दिसतं आणि ते उलटं करायला एक सेकंद लागतो.

त्यांनी हे असं का ठेवलं असेल ते मला समजतं, फाइलमध्येच शेरा आहे की होमपेज सगळ्यांना वाचता यावं म्हणून. डेव्हलपर पहिल्यांदा सर्व्हर चालवून बघतो तेव्हा ब्राउझरमध्ये पॉड उघडला की काहीतरी दिसावं, चारशे एकचा, म्हणजे आधी लॉगिन करा असा, एरर येऊ नये. प्रयोगासाठी ते चांगलंच आहे आणि त्या लोकांनी टेम्प्लेट बदलायची सोय पण अगदी व्यवस्थित दिलीय. पण तेच टेम्प्लेट खऱ्या माणसांच्या खऱ्या कागदांसाठी वापरायचं असेल तर ती पहिली परवानगी काढायलाच हवी. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात, जो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे, पंचविसावं कलम नेमकं याच गोष्टीवर आहे, की डिफॉल्टनेच अशी व्यवस्था हवी की त्या माणसाने स्वतः काही केल्याशिवाय त्याची माहिती अमर्याद लोकांपर्यंत पोचू नये. मला हे कलम फार आवडतं कारण त्यात माणसाने जागरूक असावं अशी अपेक्षा ठेवलेली नाही, जबाबदारी व्यवस्था बनवणाऱ्यावर टाकलीय.

मी काय केलं, टेम्प्लेटचं फोल्डर कॉपी केलं, सर्व्हरच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, जेसन फाइलमध्ये आपल्या फोल्डरचा पत्ता दिला, आणि मूळ एसीएलमध्ये फक्त मालक ठेवला. जग नाही. मूळ फोल्डर बंद केलं तर ॲप्सना पॉड सापडेल का ही शंका रास्त आहे, पण पॉडचा पत्ता प्रोफाइलच्या कार्डात स्टोरेज म्हणून लिहिता येतो आणि मालक लॉगिन करून आला की ॲप तिथून वाचतं, त्यामुळे ती ओळ मी टेम्प्लेटमधल्या कार्डातच घालून ठेवलीय आणि अडचण काही येत नाही.

कार्डाचं मात्र प्रकरण वेगळं आहे, ते बंद करताच येत नाही. कारण बघा, तुम्ही तुमच्या वेबआयडीने दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलात तर तो सर्व्हर तुमचं टोकन, म्हणजे लॉगिन केल्याचा पुरावा, बघतो, मग तुमचा वेबआयडीचा पत्ता उघडतो, आणि तिथे इश्युअर, म्हणजे लॉगिन करून टोकन देणारा, म्हणून जो लिहिलाय त्यानेच हे टोकन दिलंय का ते ताडतो. हे वाचणं लॉगिनशिवाय होतं. कार्ड बंद केलं तर हा ताळा जुळणारच नाही आणि तुम्हाला कुठेच आत जाता येणार नाही. म्हणजे कार्ड उघडं राहणारच, मग त्यात काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात उरतं. माझ्या टेम्प्लेटमध्ये कार्डात इश्युअर आहे, स्टोरेजचा पत्ता आहे, आणि प्रिफरन्स फाइलचा, म्हणजे खाजगी सेटिंग्जच्या फाइलचा, पत्ता आहे जी स्वतः बंद आहे. नाव नाही, फोटो नाही, ईमेल तर नाहीच. ज्याला नाव जगाला दाखवायचंय तो नंतर टाकेल की. नाव आधीच टाकून ठेवायचं आणि ज्याला नको तो काढेल असं म्हणायचं, हे मला पटत नाही, कारण काढायला कुणीही जात नाही.

आणि कार्ड लिहिण्याची परवानगी हा तर त्याहून नाजूक विषय, यावर लोक फार कमी बोलतात. कार्डातला इश्युअर ज्याला बदलता येतो तो ती ओळखच ताब्यात घेऊ शकतो, स्वतःचा इश्युअर लिहिला की त्यानंतर त्या वेबआयडीच्या नावाने टोकन तोच काढणार. म्हणून मी प्रोफाइलचं फोल्डर आणि कार्ड यांच्या एसीएल वेगळ्या केल्यात. नाव, फोटो, ओळखीपाळखीचे लोक वगैरे जे ॲप्सना सारखं बदलावंसं वाटतं त्याच्यासाठी शेजारी दुसरी फाइल, कार्डातून तिच्याकडे दुवा. कार्डावर मालकाला वाचणं आणि कंट्रोल, लिहिणं मुद्दाम दिलेलं नाही. कंट्रोल आहे म्हटल्यावर मालक हवं तेव्हा स्वतःला लिहिण्याची परवानगी देऊ शकतोच, पण मधे एक जास्तीची पायरी येते, आणि एखादं ॲप नुसतं सहज म्हणून कार्ड पुसून परत लिहितं ते तरी थांबतं. काही ॲप्स यामुळे कुरकुर करतात हे मान्य आहे. तरी मी हे असंच ठेवणार आहे.

इनबॉक्सवर पण मी बराच विचार केला. नोड सॉलिड सर्व्हर म्हणून जो जुना सर्व्हर आहे त्याच्या नव्या खात्याच्या टेम्प्लेटमध्ये इनबॉक्स, पब्लिक, प्रायव्हेट, सेटिंग्ज, प्रोफाइल अशी सगळी फोल्डर तयार मिळतात. इनबॉक्सवर सगळ्या जगाला अपेंड असतं, म्हणजे टाकता येतं पण बघता येत नाही. सोशल गोष्टींसाठी ती चांगली कल्पना आहे, अनोळखी माणूस तुम्हाला निरोप पाठवू शकतो. पण जग अपेंड करू शकतं म्हणजे जग तुमची डिस्क भरू पण शकतं, आणि कोटा लावलेला असेल तर कोटा भरल्यावर मालकाचीच फाइल सेव्ह होणार नाही. आमच्याकडे अनोळखी कुणी निरोप पाठवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे इनबॉक्सला अपेंड फक्त घरच्यांना.

पब्लिक नावाचं फोल्डर मी टेम्प्लेटमधून काढूनच टाकलंय. ते असलं की ॲप बनवणाऱ्याला मोह होतो, तिथे वाचायची कटकट नाही, परवानगी मागायची कटकट नाही, म्हणून डेटा तिथेच टाकला जातो आणि आतल्या प्रत्येक फाइलला डिफॉल्टने सगळं जग वाचक मिळतं. ज्याला खरंच काही जगासमोर ठेवायचंय त्याला ते फोल्डर बनवून द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि ते त्याने स्वतः मागितलेलं असतं.

आता "घरच्यांना" असं मी सहज म्हटलं पण ते लिहायचं कसं यातही एक गंमत नाही, चांगलीच अडचण आहे. वॅकमध्ये गटाला परवानगी देता येते, एका फाइलमध्ये सदस्यांचे वेबआयडी लिहायचे आणि एसीएलमध्ये त्या फाइलचा पत्ता द्यायचा. दिसायला झकास, नवीन वहिनी आली की एका जागी नाव घातलं की सगळीकडे लागू. पण कम्युनिटी सॉलिड सर्व्हर ती यादी साध्या लॉगिन नसलेल्या रिक्वेस्टने वाचतो, म्हणजे ती यादी जगाला वाचता येईल अशीच ठेवावी लागते. म्हणजे आमच्या घरात कोण कोण आहे याची यादी उघड्यावर. शिवाय त्या यादीत ज्याला लिहिता येतं तो स्वतःचं किंवा कुणाचंही नाव घालून सगळ्यांच्या पॉडमध्ये शिरू शकतो, म्हणजे ती एक फाइल म्हणजे सगळ्या घरांची एक किल्ली. म्हणून मी एसीएलमध्ये वेबआयडी एकेक करून लिहितो. थोडं काम वाढतं, स्क्रिप्ट करते ते.

इथेच एक सापळा सांगतो जो मी अनेकांच्या टेम्प्लेटमध्ये बघितलाय. एसीएलमध्ये सगळं जग असा एक वर्ग आहे तसा ऑथेंटिकेटेड एजंट असा पण एक वर्ग आहे. वाचणाऱ्याला वाटतं की लॉगिन केलेले म्हणजे आपल्या सर्व्हरवर खातं असलेले. तसं अजिबात नाही. सॉलिडमध्ये ओळख सर्व्हरला बांधलेली नसते, हाच तर त्याचा गाभा आहे, त्यामुळे लॉगिन केलेले म्हणजे जगात कुठेही, कुठल्याही सर्व्हरवर वेबआयडी असलेला कुणीही. आणि फुकट वेबआयडी काढायला काही लागत नाही. तेव्हा डिफॉल्ट टेम्प्लेटमध्ये हा वर्ग दिसला की तो सगळं जग असाच वाचायचा.

पुढचा मुद्दा वॅकच्या स्वभावाचा. वरची एसीएल आणि खालची एसीएल यांची बेरीज होत नाही. फाइलला स्वतःची एसीएल मिळाली की वरच्या सगळ्या गेल्या, हीच एकटी राहिली. समजा आत्याच्या रिपोर्ट फोल्डरमध्ये एकच रिपोर्ट तिच्या मुलाला दाखवायचा आहे म्हणून ॲपने त्या रिपोर्टला नवीन एसीएल लिहिली आणि तिच्यात फक्त मुलाचं नाव घातलं, तर आत्याच बाहेर. आमचा सर्व्हर पॉडच्या मालकाला कंट्रोल नेहमीच देतो त्यामुळे ती कायमची अडकत नाही, एसीएल दुरुस्त करता येते, पण तिला काय कळणार की एसीएल दुरुस्त करायचीय, तिला एवढंच दिसणार की माझा रिपोर्ट मलाच उघडत नाही. आणि मूळ फोल्डरची एसीएल पुसायची तर सॉलिडच्या नियमातच बंदी आहे, सर्व्हरने चारशे पाचचा, म्हणजे इथे हे करता येत नाही असा, एरर देऊन नकार द्यायचा असतो, ते फार बरं केलंय.

दुसरी पद्धत आहे एसीपी, ॲक्सेस कंट्रोल पॉलिसी, इनरप्टचा मोठा सर्व्हर ती वापरतो आणि कम्युनिटी सॉलिड सर्व्हरमध्येही कॉन्फिग बदलून ती लावता येते, दोन्ही एकदम नाही, एकच निवडायची. एसीपीत फोल्डरवरची पॉलिसी आतल्या सगळ्यांना लागू अशी वरून खाली उतरत जाते, आणि खालच्या फाइलला वेगळी पॉलिसी दिली तरी वरची राहतेच, बेरीज होते. म्हणजे मुळाशी एकदा मालकाची पॉलिसी लिहिली की खाली कुणी काहीही लिहिलं तरी मालक बाहेर पडत नाही. आणि नकार पण लिहिता येतो, परवानगी आणि नकार दोन्ही असतील तर नकार जिंकतो. प्रोव्हिजनिंगच्या, म्हणजे नवीन पॉड तयार करून देण्याच्या, दृष्टीने मला एसीपी कितीतरी जास्त भरवशाची वाटते. पण तिचं उलटं टोकही लक्षात ठेवावं लागतं, मुळाशी चुकून जगाला वाचायची पॉलिसी आत उतरेल अशी लिहिली तर खालच्या एखाद्या फाइलपुरती ती काढायची म्हणजे नकार लिहायला लागतो, आणि बरोबर येणाऱ्या टेम्प्लेटमध्ये जगाची पॉलिसी मूळ फोल्डरपुरतीच असली तरी ती आहेच, तीच नावं दिसण्याची गोष्ट इथेही होते.

एसीपीची खरी ताकद मात्र ॲपच्या बाबतीत आहे, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. मालकाला सगळं, हे डिफॉल्ट ऐकायला अगदी निर्धोक वाटतं ना? पण मालक पॉडवर स्वतः जात नाही, तो ॲपमधून जातो. म्हणजे मालकाला सगळं याचा अर्थ मालक ज्या ज्या ॲपमध्ये लॉगिन करेल त्या प्रत्येक ॲपला सगळं. रेसिपीचं एक ॲप आवडलं म्हणून वहिनीने त्यात लॉगिन केलं तर त्या ॲपला तिच्या पोरांची मार्कशीट आणि गहाणखत वाचायला काही आडकाठी नाही. वॅकमध्ये यावर ओरिजिन नावाची, ॲप कुठल्या साइटवरचं आहे ते बघायची, सोय आहे पण ती ब्राउझर रिक्वेस्टबरोबर पाठवतो त्या हेडरवर, म्हणजे माहितीच्या ओळीवर, उभी आहे, ब्राउझरबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामला तिचा काही धाक नाही. एसीपीत मात्र मॅचरमध्ये, म्हणजे पॉलिसी कुणाला लागू ते सांगणाऱ्या भागात, माणूस आणि क्लायंट म्हणजे ॲप दोन्ही लिहिता येतात, म्हणजे वहिनी आणि हे ॲप असं दोन्ही जुळलं तरच. मी हळूहळू सगळ्यांना एसीपीवर नेतोय ते यासाठीच. नव्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक विषयाला वेगळं फोल्डर, तब्येत, पैसे, शाळा, फोटो, आणि प्रत्येकावर मालक अधिक ठरावीक ॲप अशी पॉलिसी. सगळ्या पॉडवर सगळं करू शकेल असं ॲप एकच, जे मी स्वतः बसवलेलं फाइल बघायचं ॲप आहे.

इथून पुढचं जे आहे ते तांत्रिक कमी आणि माणुसकीचं जास्त आहे. टेम्प्लेट सुधारलं की जुने पॉड सुधारत नाहीत. टेम्प्लेट फक्त जन्माच्या वेळी कॉपी होतं, त्यानंतर पॉडचा आणि टेम्प्लेटचा संबंध संपतो. म्हणजे जुन्या पॉडमध्ये जगाची ती वाचायची परवानगी आहेच, ती काढायला स्क्रिप्ट चालवावी लागणार. स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे, डिस्कवर जाऊन प्रत्येक मूळ एसीएल बदलायची. पण तो पॉड माझा नाही! त्याच्या परवानग्या बदलायचा हक्क मालकाचा, आणि मी सर्व्हर चालवतो म्हणून न विचारता बदलायच्या म्हणजे मग सॉलिड कशासाठी बसवलं. म्हणून मी प्रत्येकाला फोन केला, त्यांच्या पॉडमधली नावं जगाला कशी दिसतात ते त्यांच्याच मोबाइलवर खाजगी विंडोमध्ये उघडून दाखवलं, आणि मग विचारलं की बंद करू का. सगळे हो म्हणाले, तो प्रश्नच नव्हता. फक्त मामेभावाला त्याचं एक फोल्डर उघडं हवं होतं, त्याच्या ट्रेकच्या फोटोंचं, ते त्याने ठेवलं. हे न विचारता मला कधीच कळलं नसतं.

नवीन पॉड दिला की मी आता लगेच तीन माणसांच्या नजरेतून तपासतो, लॉगिन नसलेला परका, लॉगिन केलेला पण दुसऱ्याच सर्व्हरवरचा वेबआयडी, आणि मालक. सर्व्हर उत्तराबरोबर वॅक-अलाउ नावाचा हेडर पाठवतो, त्यात या माणसाला काय आणि जगाला काय असं सरळ लिहिलेलं असतं, त्यामुळे फाइली वाचत बसायला लागत नाही. जगाच्या पुढे कार्ड सोडून कुठेही काही दिसलं की पॉड मालकाच्या हातात द्यायचा नाही, आधी शोधायचं की कुठून आलं.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. परवानग्या कितीही चोख ठेवल्या तरी फाइली माझ्या सर्व्हरच्या डिस्कवर साध्या फाइली म्हणूनच पडलेल्या आहेत. एसीएलमध्ये माझं नाव नाही, वेबवरून मला आत्याचा रिपोर्ट उघडता येत नाही, पण डिस्कवर बसून येतो. एसीएल ही सर्व्हरने पाळायची आज्ञा आहे, ते कुलूप नाही. ज्याला हे नको असेल त्याने फाइल एन्क्रिप्ट करून ठेवावी किंवा दुसऱ्या कुणाकडे पॉड काढावा, वेबआयडी चालू शकतो, डेटा हलवता येतो. आत्तापर्यंत कुणी हलवला नाही, पण हे माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

सध्या ज्याच्यावर विचार चाललाय ते म्हणजे माणूस गेल्यावर काय. मूळ परवानगीत एकटा मालक, ते बरोबरच, पण उद्या तो नसला तर त्याचे विम्याचे कागद, बँकेचे कागद घरच्यांना कोण उघडून देणार? आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चौदाव्या कलमात नॉमिनीची तरतूद आहे, मृत्यूनंतर किंवा माणूस अक्षम झाल्यावर त्याचे हक्क कुणी बजावायचे त्याचं नाव देता येतं. घरगुती वापराला तो कायदा लागू नाही, त्यामुळे आमच्या सर्व्हरवर बंधन असं काही नाही, पण कल्पना घेण्यासारखी आहे. अडचण अशी की वॅकमध्ये अट लिहिताच येत नाही, अमुक झाल्यावर अशी भाषाच नाही तिच्यात. आमच्या सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत पॉडला दुसरा मालक जोडता येतो पण त्याला कंट्रोल आजपासूनच मिळतो, आणि आज ते कुणालाच नकोय. म्हणून तूर्त मी पॉड देताना एक कागद भरून घेतो, नॉमिनी कोण, कुठली फोल्डर त्याला द्यायची, आणि कुठली न उघडता पुसून टाकायची. हा तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वकिली करणारं कुणी वाचत असेल तर अशा कागदावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तर त्याला मृत्युपत्राच्या बरोबरीने काही वजन येईल का, आणि मृत्युपत्रातच याचा उल्लेख कसा करावा, हे मला खरंच समजून घ्यायचंय.